काझिमिरने घासून काढलेलं नाव

त्या उन्हाळ्यात काझिमिर आपली होडी धक्क्याला उलटी बांधू लागला. बेटावरच्या त्या लहान गावातल्या साऱ्या होड्यांची पाठ धक्क्याकडे असे, म्हणजे फळीवरून चढायला-उतरायला सोपं जाई आणि मागच्या पाटीवरचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येई. याच्या होडीचं तेवढं नाक धक्क्याकडे. चढताना त्याला पुढच्या कठड्यावरून पाय टाकावा लागे, आणि साठी उलटलेल्या माणसाला ते काही शोभत नव्हतं. कुणी विचारलं तर तो म्हणे, "दक्षिणेचा वारा सुटला की अशीच बरी राहते." दक्षिणेचा वारा त्या बंदरात शिरतच नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असे आणि त्यालाही.

काझिमिर होड्यांना पॉलिश करणारा. प्रॉस्पेरच्या आवारात हिवाळाभर होड्या लाकडी टेकूंवर उभ्या असत, आणि वसंतात मालक यायच्या आधी त्या चकचकीत करून देणं हे त्याचं काम. फायबरच्या होडीला वरून रंग दिलेला नसतो. साच्यातच तिच्यावर रंगीत थर बसवलेला असतो, जेमतेम नखाच्या जाडीचा. उन्हाने आणि मिठाने तो खडूसारखा होतो. मग पाण्यातला पॉलिश पेपर, त्यानंतर लोकरीचं पॅड लावलेलं बफिंग मशीन आणि कंपाउंडची पेस्ट, नंतर मऊ पॅड, आणि शेवटी मेण. काझिमिर मशीन धरून उभा राहिला की त्याचे खांदे हलत, पाय हलत, सगळा माणूस डोलत असे. मशीन एका जागी थांबवायचं नाही, एवढंच तो नव्या माणसाला सांगे. थांबवलं की थर तापतो, भाजतो आणि खालचं काचेच्या धाग्यांचं जाळं उघडं पडतं. त्याने होडी भाजली असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. शिबेनिक शहरातले डॉक्टर आपली होडी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

त्याची स्वतःची होडी लहान, गडद निळ्या रंगाची. मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी घेतलेली, म्हणून तिच्या पाठीवर पांढऱ्या चिकट अक्षरांत मुलीचं नाव लावलेलं होतं: विंका.

विंका मोठी झाली आणि प्रॉस्पेरच्या मुलाशी, रांकोशी, तिचं लग्न झालं. प्रॉस्पेर हा काझिमिरचा कुम. म्हणजे काझिमिरच्या स्वतःच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, भावापेक्षा जवळचा, आणि वर आवाराचा मालक. दोन घरं एक झाली म्हणून त्या रात्री दोघे म्हातारे गळ्यात गळा घालून रडले होते.

एका हिवाळी संध्याकाळी विंका माहेरी आली. हातात लहानशी पिशवी, वरचा ओठ सुजलेला. आई बहिणीकडे गेली होती; स्वयंपाकघरात काझिमिर एकटाच. तिने फार काही सांगितलं नाही. "रांकोचा हात सुटतो बाबा," एवढंच म्हणाली. काझिमिरने बटाटे आणि ब्लित्वाची पालेभाजी तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "कुठल्या घरात भांडणं नसतात? चार दिवसांनी दोघंही हसाल." सकाळी त्यानेच तिला परत नेऊन सोडलं. जाताना आपल्या ऑलिव्हच्या तेलाचा डबा बरोबर घेतला आणि प्रॉस्पेरच्या बायकोच्या हातात दिला. मुलगी एक रात्र न विचारता माहेरी राहिली, त्याची भरपाई असल्यासारखा. विंकाने तो डबा पाहिला. ती त्या डब्याकडेच बघत होती, बापाकडे नाही.

वसंतात ती कुणाला न सांगता दूर रियेका शहरात निघून गेली. तिथे एका बेकरीत कामाला लागली.

बातमी आवारात पोचली तेव्हा मरेंडाची, म्हणजे सकाळच्या न्याहारीची, वेळ होती. माणसं टेकूंच्या सावलीत खारवलेल्या सार्डिन आणि पाव खात बसली होती.  वाइनचा जग फिरत फिरत आला तेव्हा प्रॉस्पेरने तो काझिमिरच्या पुढून उचलून पलीकडच्या माणसाला दिला.

काझिमिर उठला. त्याने वायर ओढत नेली, गरम हवेच्या पिस्तुलाने टेकूंवरच्या आपल्या होडीची अक्षरं सैल केली आणि नखांनी ओरबाडून काढली. अक्षरं निघाली तरी नाव राहिलंच. सभोवतीचा निळा रंग उन्हाने विटला होता, पण अक्षरांच्या खालचा तसाच गडद होता. मग त्याने पॉलिश पेपर घेतला, मशीन घेतलं आणि सगळ्यांच्या देखत मुलीचं नाव घासून काढलं. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. मशीन बंद झालं तेव्हा प्रॉस्पेर म्हणाला, "बरं केलंस, कुमा." आणि जग त्याच्याकडे सरकवला. काझिमिर ती वाइन प्यायला.

पण असं घासलेलं नाव कायमचं जात नाही. ऑगस्टचं ऊन लागलं आणि निळा रंग पुन्हा विटू लागला. अक्षरांची जागा मात्र उशिरा विटते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाटीवर नाव उमटलं. आवारातला बेपो, जो टेकू लावायचं काम करी आणि ज्याची जीभ कधी जागेवर नसे, धक्क्यावरून ओरडला, "काझिमिर, अरे दार उघड. तुझी पोरगी आली बघ."

सगळे हसले. काझिमिरने पुन्हा घासलं. पुढच्या उन्हाळ्यात पाटीवर विंका पुन्हा आली, आणि बेपोने पुन्हा दार उघडायला सांगितलं.

मग दुसरी एक गोष्ट झाली. रांकोने पलीकडच्या गावातली एक बाई घरात आणली होती. काही महिन्यांत तीही गेली, आणि एका सकाळी तिचा भाऊ आवारात आला. बहिणीचा हात प्लास्टरमध्ये आहे हे त्याने सगळ्यांपुढे सांगितलं. प्रॉस्पेर जमिनीकडे बघत उभा राहिला. रांको त्या दिवसापासून बेटावर दिसला नाही. विंका का गेली ते गावाला तेव्हा कळलं. बायका येर्काला, काझिमिरच्या बायकोला, चर्चबाहेर हात धरून म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत गं. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

येर्काला खरोखरच माहीत नव्हतं. ती घरी येऊन रडली. काझिमिर टेबलाशी बसला होता. गावाला आता कळलं, बायकोला आता कळलं. त्याला मात्र त्या बटाट्यांच्या ताटापासून माहीत होतं. हे त्याने येर्काला सांगितलं नाही. विंकानेही आईला सांगितलं नसावं, कारण येर्का त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलत राहिली, आणि ते त्याला सोसत नसे.

बेपोनेही थट्टा बंद केली. ते आणखी वाईट होतं.

या वसंतात काझिमिरने होडी पुन्हा टेकूंवर चढवली. यंदा राग नव्हता. त्याला ते नाव फक्त बघवत नव्हतं. मशीन सुरू करून तो पाटीवर डोलू लागला आणि मधेच त्याने ते वाचलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे खांदे थांबले. मशीन मात्र त्याच जागी फिरत राहिलं. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता. नावाच्या मधोमध तळहाताएवढी जागा तपकिरी होऊन फाटली होती आणि आतलं करडं जाळं दिसत होतं.

बेपो वासानेच आला.  "तू?" एवढंच म्हणाला. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू? जाळं झाकण्यापुरता थर दे आणि वरून नाव परत चिकटव. डाग अक्षरांखाली जाईल, पोरगी खूश होईल, येर्का खूश होईल. आणि तू होडी भाजलीस हे मी मेलो तरी सांगणार नाही."

"तू? सांगणार नाहीस?"

"बरं, एखाद्याला सांगीन."

काझिमिर हसला नाही. जाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून त्याने त्या जागेवर पारदर्शक राळ फासली आणि होडी तशीच पाण्यात सोडली. उलटी बांधली.

संत रोकोच्या सणाला गावात होड्यांना आशीर्वाद देतात. प्रत्येक होडी धक्क्याच्या टोकाशी येते, मालक उभा राहून टोपी काढतो आणि मोठ्याने होडीचं नाव घेतो. धर्मगुरू पाणी शिंपडतात आणि टोकावरची माणसं "सुखरूप ये" म्हणतात. दोन वर्षं काझिमिरने इंजिन बिघडल्याचं सांगितलं होतं. यंदा येर्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तिला सोबत म्हणून विंका येत होती. जवळजवळ तीन वर्षांनी पहिल्यांदा.

येर्काने शिबेनिकहून अक्षरं करून आणली होती. पाकीट फडताळावर ठेवलेलं.

"लाव की," ती म्हणाली.

"त्या जागी भाजलंय, येर्का."

"मग झाकेल ना."

"म्हणूनच लावत नाही."

येर्काने काठी जमिनीवर आपटली. "तुझा राग अजून गेला नाही, असं म्हण. ती येईल, होडी बघेल, आणि काय समजेल? की बापाने अजून दार बंद ठेवलंय."

काझिमिरला ते कळत होतं. नाव लावलं तर मुलीच्या नावाने आपलाच डाग झाकल्यासारखं होणार होतं, आणि ती त्याबद्दल त्याचे आभार मानणार होती. नाही लावलं तर तो बापाचा राग आहे असं तिला वाटणार होतं. दोन्हीतून सुटायचं तर तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं. विंका आली, तिने त्याच्या गालाला गाल लावला, म्हणाली, "बाबा, बारीक झालास." त्याने बॅग उचलली आणि बोटीला फार गर्दी होती का, असं विचारलं. फडताळावरचं पाकीट तिने पाहिलं, हातात घेतलं, उघडलं आणि परत ठेवलं. 

सणाच्या संध्याकाळी तिघं होडीत बसली. येर्का मागच्या बाकावर, विंका तिच्या शेजारी. येर्काला चढता यावं म्हणून काझिमिरने होडी धक्क्याच्या मोकळ्या कोपऱ्याला आडवी लावली होती, आणि चढताना विंकाने पाठीकडे वाकून पाहिलं होतं. होड्यांची रांग हळूहळू पुढे सरकत होती. "सांता आना." "सुखरूप ये." "दोन भाऊ." "सुखरूप ये."

टोकावर धर्मगुरू डॉन लुक्शा हातात ओली फांदी घेऊन उभे होते. त्यांच्या मागे निम्मं गाव, त्यात प्रॉस्पेरही. काझिमिर उभा राहिला. टोपी काढली.

"नाव?" डॉन लुक्शा म्हणाले, कारण तो गप्पच होता.

"विंका होतं," काझिमिर म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "विंका होतं. मी घासून काढलं. ती मदत मागायला घरी आली होती आणि मी तिला परत नेऊन सोडलं. मला माहीत होतं. तरी नेऊन सोडलं. मग नाव घासलं. पाठीवर डाग आहे तो त्याचाच आहे. होडी उलटी बांधतो ती त्यासाठी, वाऱ्यासाठी नाही."

येर्काचा हात काठीवर घट्ट झाला. ती नवऱ्याकडे बघू लागली, जणू तो आत्ताच कुठूनतरी होडीत येऊन बसला होता. टोकावर कुणी हललं नाही. प्रॉस्पेर गर्दीतून मागे सरकला.

फांदीवरून पाणी ठिबकत होतं. डॉन लुक्शा म्हणाले, "मग आज काय नाव घेऊ, काझिमिर?"

"मला विचारू नका. तिला विचारा."

विंका पाण्याकडे बघत होती. "नुसतं पाणी शिंपडा, डॉन लुक्शा," ती म्हणाली. "नावाचं नंतर बघू."

त्यांनी शिंपडलं. "सुखरूप ये" म्हणायला बराच वेळ लागला. आधी एका म्हातारीचा आवाज आला, मग दोन-तीन.

परत येताना इंजिनाचा आवाज होता म्हणून बरं.  घरी गेल्यावर येर्का बोलणार होती, आणि काय बोलेल ते त्याला ठाऊक होतं. विंकाने मागे वाकून डागावर बोट फिरवलं.

"हे भरता येतं?"

"येतं. कडा खरवडायच्या, नवा थर भरायचा, वाळू द्यायचा. मग पाण्यातला पॉलिश पेपर, हाताने."

"मशीन?"

"मशीन नाही. तिथे आता मशीन लावायचं नाही."

"रंग जुळतो?"

"नाही. ठिगळ दिसतं. कायम दिसतं."

तिने बोट काढून घेतलं. "तो तेलाचा डबा," ती म्हणाली, "तो मला अजून आठवतो, बाबा."

"मलाही," काझिमिर म्हणाला. 

धक्का जवळ आला. सगळं गाव संध्याकाळचं फिरायला बाहेर पडलं होतं. काझिमिरने होडी वळवली आणि पाठ धक्क्याकडे करून आत घेतली, कारण नव्या खुब्याच्या येर्काला पुढच्या कठड्यावरून उतरवता आलं नसतं. फळीशी बेपो उभा होता. त्याची नजर डागावर गेली, तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं आणि हात पुढे केला.

"दोर टाक," तो म्हणाला.