शालोमच्या उशाखालची माती

मिल्का किहीमकर लोदहून लीड्सला परतली ती रिकाम्या हातांनी. भावाला ती तिथे पुरून आली होती, आणि फौझीला कबूल केलेली माती आणायची राहून गेली होती.

फौझी लीड्सच्या हेअरहिल्स वस्तीतला भाजीवाला. मिल्का हॉस्पिटलमध्ये नर्स होती तेव्हापासून, ड्यूटी संपली की त्याच्या दुकानात शिरून भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या घ्यायची. निवृत्त झाल्यावरही ते चालू राहिलं. त्याचं जन्मगाव लुद्द. तेच गाव इस्रायलच्या नकाशात लोद. अठ्ठेचाळीस साली इस्रायली सैनिकांनी तिथल्या अरब लोकांना बाहेर काढलं तेव्हा लहानगा फौझी आईचा हात धरून उन्हातून चालत निघाला होता. पुढे त्याच गावात मिल्काचा भाऊ रूबेन मुंबईहून जाऊन राहिला. किहीमकर मूळचे कोकणातले ज्यू; आपल्या पूर्वजांची भूमी म्हणून रूबेन गेला आणि विमानांच्या कारखान्यात फिटर झाला.

हे कळलं त्या दिवशी फौझीनं तिची भेंडी तोलता तोलता विचारलं होतं, "तुमच्या देवानं तुम्हांला कोकण दिलं होतं. समुद्र, नारळ, मासे. ते सोडून माझ्या गावात कशाला आलात?"

"मी कुठे आले? मी लीड्सला आले. माझा भाऊ गेला."

"आणि तो तुमचा प्रेषित? त्याचा रथ म्हणे तुमच्याकडच्या खडकावरून आकाशात गेला."

"गेलाच. अलिबागजवळ. खडकावर चाकांचे व्रण आहेत, मी लहानपणी हात लावलाय."

"मग तिथेच राहायचं की!" म्हणून तो मोठ्यानं हसला आणि भेंडीवर चार मिरच्या फुकट टाकल्या. वर्षानुवर्षं त्यांचं भांडण एवढंच होतं. त्यात दोघांनाही करमत असे.

गेल्या शरदात ती रूबेनला भेटायला निघाली तेव्हा मात्र फौझी हसला नव्हता. त्याचं हृदय थकलं होतं. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन तो एकदा तिकडे गेला होता. विमानतळावर दिवसभर प्रश्न विचारून त्याला परत पाठवलं होतं. पुन्हा तो गेला नाही.

"मूठभर माती आण," तो म्हणाला. "मोठ्या मशिदीमागे आमचं अंगण होतं. ते सापडलं नाही तर गावातली कुठलीही. पण गावातलीच."

"आणते," मिल्का म्हणाली.

ती पोचली त्याच आठवड्यात रूबेन गेला. त्याच दिवशी दफन झालं. मग शिवा. सात दिवस सुतकातल्या माणसानं घराबाहेर पडायचं नाही, जमिनीवर बसायचं, आरसे झाकायचे, लोक आणतील ते खायचं. मिल्का भावजयीशेजारी चटईवर बसून राहिली. कोणी मराठीत रडलं, कोणी हिब्रूत. तिला रडू आलं नाही. आत कुठेतरी भूल दिल्यासारखं झालं होतं. सातवा दिवस संपला आणि भाच्यानं तिला गाडीत घालून थेट विमानतळावर सोडलं. मातीची आठवण तिला लीड्समध्ये, कोट खुंटीला लावताना झाली.

फौझीच्या दुकानाकडे ती फिरकलीच नाही. सुपरमार्केटमधली पाकीटबंद भेंडी आणू लागली.

हिवाळा आला. खालच्या खोलीत, कौन्सिलनं दिलेल्या पलंगावर तिचा नवरा शालोम पडून असे. त्याची फुप्फुसं संपत आली होती. समोर टीव्हीवर गाझा जळत होतं. मिल्का त्याला पेज भरवत असे आणि तिचे डोळे पडद्यावर असत. धूर, धावणारी माणसं, चादरीत गुंडाळलेली मुलं. तिकडून रॉकेटं, इकडून विमानं. रूबेननं असल्याच कुठल्यातरी विमानाचे स्क्रू आवळले असतील, असं तिच्या मनात येई आणि तसंच निघून जाई. महाराष्ट्र मंडळातली सुप्रभा एकदा डबा घेऊन आली, पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "मिल्कामावशी, तुम्हांला फार त्रास होत असेल ना, तुमच्या लोकांचं बघून?"

"कोणत्या?" मिल्कानं विचारलं. सुप्रभा डब्याचं झाकण लावत बसली.

शालोमच्या उशाजवळ कपाटात एक प्लास्टिकचं पाकीट होतं. जेरुसलेमची माती. सिनेगॉगमधून मागवलेली. "इथल्या चिखलात झोपतो," तो म्हणत असे, "पण डोकं तिथल्या मातीवर पाहिजे. विसरू नकोस." ती विसरणार नव्हती. बाकी सगळं सुटत चाललं होतं, एवढं एक वचन तिच्या हातात होतं.

मग एके दुपारी फौझीच्या मुलीचा, रीमचा फोन आला. "आंटी, बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. आता घरी येणार नाहीत. तुमची सारखी आठवण काढतात."

मिल्कानं फोन ठेवला आणि शालोमकडे आली. "अहो, त्या पाकिटातली थोडी फौझीला देऊ?"

"टीव्ही बघतेस ना?"

"बघते."

"मग?"

"मरतोय तो."

"मीही मरतोय." त्याला धाप लागली. "चिमूटभरसुद्धा नाही, मिल्का. दोन हजार वर्षं ज्या मातीकडे तोंड करून प्रार्थना केली, ती भाजीवाल्याला द्यायची?"

तो झोपल्यावर तिनं कात्रीनं पाकिटाचा कोपरा कापला आणि निम्मी माती वेलचीच्या रिकाम्या डबीत ओतली. पांढरट, खडूच्या भुकटीसारखी माती. पाकीट दुमडून चिकटपट्टी लावली. शालोम झोपेत खोकला. तिनं पाकीट कपाटात ठेवून दिलं.

हॉस्पिटलात फौझी खिडकीजवळ होता. पलंगात फारच थोडा उरला होता. डबी बघून त्याचे डोळे हलले. तिनं झाकण काढून डबी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं बोट बुडवलं. बराच वेळ बोटाकडे बघत राहिला.

"लुद्दची माती काळसर असते," तो म्हणाला. "पावसानंतर चपलेला चिकटते. ही डोंगरावरची आहे. जेरुसलेमची."

मिल्का खुर्चीत बसली. "शालोमची आहे. त्याच्या कबरीसाठी ठेवलेली. तुझी आणली नाही."

"का?"

"भाऊ गेला. सात दिवस बाहेर पडायचं नसतं आमच्यात."

"सात दिवस." फौझी हळूहळू बोलत होता. "सात दिवस माझ्या गावात होतीस. खिडकीतून तरी पाहिलंस?"

तिनं आठवून पाहिलं. झाकलेला आरसा आठवला. चटईची किनार आठवली. खिडकी आठवेना.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. खालच्या रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला. मग त्यानं डबीवर मूठ आवळली. "असू दे. ही पण आमचीच आहे."

आणि मिल्काची ती भूल उतरली. गेले कित्येक महिने आत काही हललं नव्हतं. भाऊ गेला तेव्हा नाही, टीव्हीवरच्या पोरांना बघून नाही. आता, या एका शब्दावर.

"आमची," ती म्हणाली. "मी दिली म्हणून तुझ्याकडे आहे. तशी नको असेल तर परत दे."

तिनं हात पुढे केला होता. स्वतःचा तो हात तिला परक्या बाईचा वाटला, तरी तो मागे येईना. फौझीनं डोळे उघडले. तो हसला, दुकानातल्यासारखं नाही.

"बघ," तो म्हणाला. "हे 'आमचं' तुझ्यातही आहे. मला वाटायचं तू वेगळी आहेस."

"मलाही वाटायचं."

डबी त्यानं दिली नाही. तिचा हात पांघरुणावर तसाच पडून राहिला आणि काही वेळानं तिनं तो मांडीवर घेतला. मग दोघंही खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसले. निघताना ती "येते" म्हणाली. त्यानं मान हलवली.

तो दोन दिवसांनी गेला. सकाळी रीमचा फोन आला. ती रडत नव्हती, घाईत होती. "आंटी, आज दुपारी दफन आहे. बाबांच्या मुठीत एक डबी होती, वेलचीची. नर्स म्हणाली तुम्ही दिलीत. त्यात माती आहे. ती त्यांच्यासोबत ठेवायची, की तुम्हांला परत हवीय?"

मिल्का पॅसेजमध्ये उभी होती. आतल्या खोलीत टीव्हीवर युद्धविरामाची बातमी लागली होती. कोणीतरी जिंकल्याचं सांगत होतं, दुसरंही कोणीतरी जिंकल्याचं सांगत होतं. परत मागावी असं तिला अजूनही वाटत होतं. ते तिनं नीट तपासून पाहिलं, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं. होतं ते, जागच्या जागी.

"आंटी?"

"ती त्यांची आहे," मिल्का म्हणाली. "ठेव त्यांच्यासोबत."

ती खोलीत आली. शालोम जागा होता आणि कपाटाकडे बघत होता. चिकटपट्टी त्यानं केव्हा पाहिली कोण जाणे.

"भाजीवाला गेला?"

"गेला."

त्यानं श्वास गोळा केला. "किती उरलीय?"

मिल्कानं त्याची उशी सारखी केली, पेजेची वाटी उचलली.

"तुमच्या डोक्यापुरती आहे," ती म्हणाली. "तोंड उघडा."