पाचोळ्यावरचा रातवा

चारकोपच्या आमच्या सोसायटीमागे एक रिकामी पट्टी होती. खुरटं गवत, जुन्या बांधकामाची खडी आणि बदामाचा पाचोळा. शनिवारी संध्याकाळी तिथून एक पक्षी उठताना दिसला, म्हणून रविवारी सकाळी जिन्याच्या खिडकीतून कॅमेऱ्याने ती जागा वीत वीत शोधली. सापडला तेव्हा कळलं, इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होते. रातवा. घरटं वगैरे काही नाही. उघड्या जमिनीवर अंडी आणि त्यांच्यावर मादी, वाळक्या पानासारखी चपटी. ती जराशी सरकली तेव्हा पोटाखालचं अंडं दिसलं.

मला आनंद झाला नाही. त्याच पट्टीवर पावसाळ्याआधी पार्किंग व्हायचं होतं आणि कमिटीने जेसीबी ठरवला होता. पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो, असं वाचलं. तेवढा महिना मागायचा ठरवला.

संध्याकाळी कमिटीपुढे सकाळी काढलेला फोटो ठेवला. सेक्रेटरी मूळचे मालवणचे. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ताई, ह्यात पाखरू खंय आसा? माका तर पाचोळोच दिसता."

मी बोटाने डोकं दाखवलं, शेपटी दाखवली. माझी शेजारीण, कमिटीतली, चष्मा वर करून म्हणाली, "अगं, लोकांना ढगात गणपती दिसतो ना, तसं झालंय तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना खिडकीशी नेलं. तरी दिसेना.

"मग खाली जाऊन बघू या ना," शेजारीण म्हणाली.

"नको. ती उठली तर उन्हात अंडी भाजतील."

"म्हणजे लांबून दिसत नाही आणि जवळ जायचं नाही. झकास!"

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं.

ऑफिसला सुट्टी टाकली आणि कॉम्प्युटरवर फोटो उघडला. आधी क्रॉप केला. मग पाचोळा थोडा गडद केला, पाठीवरची सावली उजळली, डोळ्याच्या मिटलेल्या रेघेला धार दिली. खडीचा रंग उतरवला. मी काही घातलं नाही, काही पुसलं नाही. चहा दोनदा गार झाला, पण हळूहळू ती पानांतून वर आली. चोच, मिशांसारखी पिसं, पंखावरचे ठिपके. आता आंधळ्यालाही दिसली असती.

फोटो कमिटीतल्या सगळ्यांना पाठवला आणि त्याची प्रिंट घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेले. शेजारीण तिथेच होती. तिने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"एआयने केलंस ना?"

"नाही गं. कालचाच फोटो आहे. फक्त उजळलाय."

"काल नव्हता, आज आहे! माझ्या भाच्याने परवा आमच्या आजीला फोटोत विमानात बसवलं, तसंच ना हे?"

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात त्यांना पक्षी दिसत नव्हता. दुसऱ्यात दिसत होता, म्हणूनच तो खोटा वाटत होता. सेक्रेटरी मात्र मनापासून म्हणाले, "फोटो एक नंबर हां, ताई. पण आता परत धाडलो तर जेसीबीवालो पुन्हा गावचो नाय."

जेसीबी गुरुवारी आला. मी ऑफिसात होते. गेटमधून आत येतानाच मागची पट्टी दिसली, लाल आणि सपाट. पाचोळा एका कोपऱ्यात लोटलेला होता.

सेक्रेटरी माझी वाट बघत उभे होते. बिचारे खास थांबले होते.

"ताई, मी स्वतः उभो होतंय थंय. ड्रायवराक पण सांगलेलंय, लक्ष ठेव म्हणून. काय्येक उडाला नाय. तुम्ही उगाच जीवाक लावून घेतलात."

मी बरं म्हटलं. रातवा शेवटपर्यंत उठत नाही. न हलणं हेच त्याचं लपणं. हे त्यांना सांगून आता काय होणार होतं?

वर जाताना जिन्याच्या खिडकीपाशी थांबले आणि त्याच जागेचा फोटो काढला. घरी तो तसाच क्रॉप केला, सावल्या उजळल्या, धार वाढवली. चाकांच्या खुणा ठळक झाल्या. बाकी काही वर आलं नाही.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर शेजारणीने माझा सुधारलेला फोटो टाकला होता. कोपऱ्यात गुलाब, वर "सुप्रभात". खाली अंगठ्यांची रांग. सगळ्यांना पक्षी दिसत होता.