पांढरीचं बाळंतपण

नातीने पुण्याला नोकरीवर जाताना तिचे दोन ससे माझ्याकडे सोडले. एक पांढरा, एक करडा. विकणाऱ्याने दोन्ही माद्या म्हणून दिले होते, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत एकाच पिंजऱ्यात ठेवलं. नात गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो.

सशांना पाचवा महिनाही लागला नव्हता, तर पांढरी खाली अंथरलेलं कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, तोंडात भरून कोपऱ्यात नेऊ लागली. मग छातीवरचे केस उपटू लागली. मला वाटलं, खरूज झाली. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तिला पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केसांच्या ढिगात सहा पिल्लं वळवळत होती. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय वं मावशी, दोघी बहिणी म्हणत होती ना? एक तर नवरा निघाला!"

"मले काय मालूम? मी का त्याईचं लगन लावलं?"

संत्र्याच्या लाकडी पेटीत कुटार घालून मी पिल्लं त्यात ठेवली आणि पेटी पिंजऱ्यात सरकवली. आमच्याकडे बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. उशाशी विळा ठेवतात आणि एक बाई सतत जवळ बसते. मी पेटीखाली विळा ठेवला आणि पाट घेऊन समोर बसले. चहा तिथेच, जेवण तिथेच. दोन दिवस. खरं सांगायचं तर मला बसायला कारण मिळालं होतं. एरवी त्या खोलीत मी झाडायलाच जात होते.

पांढरी पिंजऱ्याच्या टोकाला अंग चोरून बसायची, पेटीकडे फिरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पिल्लू गार पडलं. बाकीच्यांची पोटं खपाटीला गेली होती. मी उरलेली पाच पिल्लं चिंध्यांत गुंडाळून, पांढरीला टोपलीत घालून ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने पांढरीला उलटं करून पाहिलं. "दूध आहे हिला. पाजते कधी, पाहिलं का आजी?"

"नाही ना, म्हणून तर आली. दोन दिवस झाले, मी तिच्याजवळून हलली नाही."

"म्हणजे तिथंच बसून राहिल्या?"

"मंग? बाळंतीण बाईले एकटं सोडते का कोणी?"

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही तिथून उठा. ससे दिवसातून एक-दोनदाच पाजतात, पाच मिनिटं, तेही आजूबाजूला कोणी नसताना. ही तर स्वतःच लेकरू आहे, घाबरते. सकाळी एकदा जाऊन पोटं पाहा, मेलेलं असलं तर काढा, अन् बाहेर या. हात लागला तर काही होत नाही. आणि नर कुठे आहे?"

"तिच्याचपाशी."

"अहो आजी, आजच्या आज वेगळा करा! नाही तर महिन्याभरात परत हेच."

ऑटोत मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. मी सोळा वर्षांची होते. सासू बारा दिवस खाटेशी बसून होती. तिच्यासमोर मला पाजता येत नव्हतं, लाज वाटायची. मग ती गावभर सांगत फिरली की सुनेला दूधच नाही. ते मूल गेलं. हे सगळं माहीत असून मी पाट टाकून बसले होते.

घरी आल्यावर पिल्लं पेटीत ठेवली, पांढरीला पिंजऱ्यात सोडलं, करड्याला खोलीबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. विळा उचलून स्वयंपाकघरात टांगला. मधल्या खोलीतली माझी खाट पुढच्या खोलीत नेली. संध्याकाळ सरता सरत नव्हती. दोनदा कडीपर्यंत हात गेला.

सकाळी उजाडल्यावर आत गेले. पिल्लं मोजली. पाच. पोटं टम्म, लिंबासारखी गोल. पांढरीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पाण्याची वाटी भरली आणि बाहेर आले.

नातीला पिल्लांचं आधीच कळवलं होतं, तिचा फोन आला. "आजी, पिल्लं कशी आहेत?"

"आहेत."

"फोटो पाठव ना."

"दार बंद आहे," मी म्हणाले. तिला ऑफिसला उशीर होत होता, तिने ठेवला.

करडा दाराशी जाऊन पायाने फळी खरडत होता. मी त्याला कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या आणि दाराकडे पाठ करून बसले.