फुप्फुसं सगळ्यात शेवटी

दादा गेला त्याला आता दीड महिना होत आला. वहिनी त्याला घेऊन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात होती. तिचा निरोप आला तेव्हा मी इथे कळमनुरीत त्याच्या एक्स-रेच्या खोलीत टाइपरायटर पुसत होते. दादा परत येईल आणि ओरडेल, "सुमे, किती गं ही धूळ!" वेडी आशा, दुसरं काय...

माझा हा थोरला भाऊ फिल्म पाहून बोलायचा आणि मी टाइप करायचे. त्याचा क्रम म्हणजे क्रम! आधी हाडं, मग छातीखालचा पडदा, मग हृदय आणि फुप्फुसं सगळ्यात शेवटी. प्रत्येकाची वेगळी ओळ. 'बाकी ठीक' लिहिलेलं त्याला मुळीच खपायचं नाही. जवळा बाजार गावचे एक बाबा खोकून खोकून बेजार झालेले, ते एकदा चिडलेच. "डॉक्टर, खोकला छातीत हाय न् तुमी हाडं काहून पाहून राहिले?" दादा हसला. "बाबा, दुखतं तिथं आधी पाहिलं की डोळा तिथंच बसतो. बाकीचं मग दिसतच न्हाई." आणि खोकल्यानं मोडलेली बरगडी त्याला दिसलीच. पुढच्या बाजारी बाबा पिशवीभर वांगी घेऊन हजर!

या उन्हाळ्यात दादालाच खोकला लागला. बघता बघता वाळला. एक दिवस त्यानं स्वतःची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "बस सुमे, लिही." नाव, वय सगळं परक्या माणसाचं सांगावं तसं सांगितलं. हाडं शाबूत. पडदा बराबर. हृदय बराबर. दर ओळीला माझा जीव भांड्यात पडत होता. मूर्ख मी! उरलं काय होतं, ते मला माहीत नव्हतं का?

तो फिल्मच्या आणखी जवळ सरकला.

"दादा, पुरे आता. बाकी ठीक लिहिते."

"न्हाई सुमे. ओळ रिकामी ठेवायची न्हाई."

उजव्या फुप्फुसात मोठी गाठ, असं त्यानं सावकाश सांगितलं. मला अक्षरं दिसत नव्हती, बोटांना सवय होती म्हणून टाइप झालं. कोणत्याच बहिणीवर अशी वेळ येऊ नये.

नवा डॉक्टर अजून यायचाय. तोवर रोज सकाळी खोली मीच उघडते. आत शिरले की आधी खिडकी पाहते, मग टाइपरायटर, मग उजेडाची पेटी. त्याची खुर्ची सगळ्यात शेवटी.