जूनमधली दीप्ती

"आवाज वेगळा आहे, बाई."

"सर्दी झाली असेल."

"जूनमध्ये, की आज?"

"अहो फ्रेडा मॅडम, नऊ वर्षांची पोर ती. आवाज बदलतो."

"मुलीचा?"

फ्रेडाने मोबाइलवर रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. जूनमधली पहिली चाचणी, तिच्या सहकाऱ्याने घेतलेली. ‘मी दीप्ती’ म्हणून एक मुलगी अख्खा उतारा धडाधड वाचत होती. आणि पाच मिनिटांपूर्वी याच चटईवर दीप्तीने तसलाच उतारा बोट सरकवत, अडखळत, घाम पुसत वाचला होता. शेवटच्या ओळीनंतर तिने आधी बाईंकडे पाहिलं होतं. आता ती बाहेर लंगडी खेळत होती.

मरोळच्या समाजमंदिरातला हा संध्याकाळचा वाचनवर्ग सरकारी पैशावर चालतो. तो पुढे चालावा की नाही, हे फ्रेडाच्या अहवालावर ठरणार.

"चोवीसपैकी एकवीस मुलं मागे गेलीत," फ्रेडा म्हणाली. "हे असंच लिहिलं तर वर्ग बंद."

"मागे? अहो, जूनमध्ये या पोरीला ‘क’ आणि ‘फ’ सारखेच दिसायचे!"

बोलून गेल्यावर सुगंधाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मग जूनमध्ये वाचलं कोणी?"

"...खालच्या गल्लीतल्या ट्यूशनच्या पोरांनी."

"एकवीसच्या एकवीस?"

"एकोणीस वर्षं हेच केलं मी! साहेब येणार म्हटलं की हुशार पोरं पुढे, कच्ची घरी. साहेब चहा पितात, छान छान म्हणतात, जातात. तुम्ही कच्ची पोरं शोधायला आलाय, हे कोणी सांगितलं मला?"

"पत्रात होतं."

"पत्रात काय, सगळंच असतं!"

सुगंधाबाई बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या, ते गुडघे धड होते तेव्हा. आता जिना चढताना कठडा धरतात, पण पाच वाजले की घराघरांतून पोरं हाताला धरून आणतात. कुणाची आई कामावरून कधी सुटते, कोण भूक लागली की रडतं, तोंडपाठ. दीप्तीला त्यांनी दोन महिने खडू धरायलाच शिकवलं होतं.

"जूनच्या वह्या आहेत? खऱ्या मुलांच्या?"

"कपाटात. एकूण एक."

"मग त्यांच्यावरून मोजता येईल. वर्ग वाचेल. पण पहिली चाचणी खोटी होती, असं तुम्ही लिहून द्यायचं. सहीनिशी."

"आणि माझं काय?"

फ्रेडा खिडकीकडे बघू लागली. "खोटी मुलं बसवणाऱ्या बाईंना ठेवत नाहीत."

"झकास! म्हणजे पोरं पास, बाई नापास."

फ्रेडा हसली नाही. बाहेर दीप्ती कुणाला तरी ओरडत होती, "तू आऊट ना रे!"

सुगंधाबाईंनी कपाट उघडलं. चोवीस वह्या टेबलावर आपटल्या. मग कागद ओढला आणि उभ्यानेच लिहिलं. चार ओळी. खाली सही, तारीख. पेनाचं टोपण नीट लावलं.

"बाई," फ्रेडाचा आवाज पडला होता, "उद्या पाच वाजता पोरांना आणायला कोण जाईल?"

सुगंधाबाईंनी कपाटाची किल्ली वह्यांवर ठेवली, चपला पायात सरकवल्या, आणि त्या कठडा धरून जिना उतरू लागल्या.