मोहाखालचा तिखूर

चोरखमाऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावात अफवा होती, की सुलोचनाबाई माती खाते. कोणी म्हणे मूठभर, कोणी म्हणे भातात कालवून. खरं एवढंच, की ती चिमूटभर माती उचलते, जिभेच्या टोकाला लावते, डोळे मिटते आणि थुंकते. आवाज ‘थू’ असा नाही, ‘फुत्’ असा येतो. गावातली एक पोर त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

हे चाखणं चाललं होतं तिखुरासाठी. दिसायला हळदीसारखं झाड. कंद किसून पाण्यात निवळत ठेवले की पांढरं सत्त्व मिळतं. लग्न होऊन आली तेव्हा सुलोचनाबाईनं हे कंद कचारगडाकडच्या माहेराहून पदरात बांधून आणले आणि आपल्या वाट्याच्या मोहाच्या झाडाखाली लावले. पुढं माय गेली, घर पडलं. माहेरचं म्हणून तेवढंच उरलं, आणि तेही तिनंच घालवलं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून गाव झाडाखालचा पाला जाळतं. ती दर साली ढीग रचायची तो नेमका तिखुरावर. एका साली तिखुराला फुलंच आली नाहीत.

तेव्हा तिनं पहिल्यांदा माती चाखली. राखेची जागा खारी लागली, पापडखारासारखी. थोडं पलीकडे, कुजल्या पाल्याखाली, माती हलकीच आंबट होती. तिखूर तसल्याच मातीत वाढलेला.

मग तिनं जाळणं सोडलं. पाला झाडायचा, फुलं वेचायची, पाला परत पसरायचा.

“रीताची माय, लोकं पाला जाळून राहिले अन् तू पांघरून राहिली. कायले?” नवरा बकाराम विचारी.

“तिखूर झोपला हाये थो. उघडा काऊन ठेवू?”

“अन् उठलाच नाई त?”

“त माहीबी चटई तेथंच टाकजा.”

दोन पावसाळे गेले. खार मातीत खाली खाली उतरत होता. दुपारी मोहाच्या गोड वासानं डोकं जड झालं, की ती त्या पाल्यावर आडवी व्हायची. कवडसे अंगावरून सरकत. पाठीखाली पानं काळी, मऊ होत चालली आहेत, आणि त्यांच्याही खाली माय कंद किसते आहे, असं तिला अर्धवट झोपेत वाटायचं. उठून पुन्हा चाखायची. फुत्.

“मावशी, तुझा तिखूर मेला. पैज लाव,” नकलाकार पोर म्हणाली.

“लावली. आला त सगळ्याईसमोर तू माती चाखशील.”

वैशाखात, पानांच्याही आधी, पाल्यातून गुलाबी तुरे वर आले. तीन होते. सुलोचनाबाई खाली बसली. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ थुंकलीच नाही. गावची अफवा त्या दिवशी खरी झाली.

पैज हरलेली पोर म्हणजे हे लिहिणारी मी. सगळ्यांसमोर चाखली. हलकीच आंबट होती. दोन वर्षांची नकलेची सवय, तरी फुत् काही नीट निघालं नाही.

“पोरीले जमून नाई राहिलं,” मावशी म्हणाली, “आनखी एक चिमूट द्या.”