दादाच्या छातीतला गोळा

शिजलेली हळद कढईतून काढली की एवढीशी दिसते आणि पसरली की अख्खं खळं भरतं. आमच्या टोळीतल्या गोष्टींचं तसंच आहे. चहाला बसलं की एक निघते, तिच्या मागं दुसरी. हल्ली सगळ्या दादावरच येऊन थांबतात. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ माधव, कुरुंद्यातल्या हळद शिजवणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याला जाऊन अजून महिना झाला नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली, लिहायची सवय नाही. पण गप्प बसवत नाही.

दादाचं दुखणंच उलटं होतं. दिवसभर ओली हळद उपसताना त्याला काही व्हायचं नाही. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या छाती आवळायची, घाम फुटायचा आणि चहा होईस्तोवर सगळं गायब. त्याचा जोडीदार सोपान म्हणाला, "माधवा, तुझी छाती मालकाच्या बाजूची हाय. राबला की गप, निजला की बोंबलते."

वहिनी त्याला एसटीत घालून वसमतला न्यायची. दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली की पट्टी चांगली! डॉक्टर गॅस म्हणायचे, वहिनी ओवा घेऊन परत यायची. गावात कुजबुज सुरू झाली की माधव कामाला कंटाळून नाटक करून राहिला. दादा हसायचा. "मी एसटीत चढलो की कळ उतरून जाते. तिला तिकीट काढायचं न्हाई."

मग वसमतला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी पहिल्यांदा वहिनीचं पूर्ण ऐकलं. म्हणाले, दुखत असतानाच पट्टी काढली पाहिजे, इथंच मुक्काम करा. दादासोबत टोळीही गेली आणि व्हरांड्यात आडवी झाली. पण कळ काही येईना. सोपान तर दादावर चिडला, "आता काहून येईना? एरवी रोज येती की!"

एका पहाटे आली. नर्स धावली, वायरी लागल्या, पट्टी पार वेडीवाकडी. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि बघता बघता पट्टी सुधारली. "सापडलं," ते म्हणाले. व्हरांड्यात टोळी नाचायला लागली. शेजारच्या पेशंटजवळ बसलेल्या म्हातारीनं विचारलं, काय हरवलं होतं? सोपान म्हणाला, "आजी, आमच्या माधवाची छाती खरंच बिघडलेली हाय!" आणि सगळ्यांना चहा पाजला. वहिनी कोपऱ्यात तोंडाला पदर लावून रडत होती.

पुढं नांदेडला हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढला. त्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टरांनी समजावलं, पायात गोळा येतो ना, तसा हृदयाच्या नळीला येतो. नळी आवळते, रक्त अडतं. रोज नळी सैल ठेवणारी गोळी घ्यायची, कळ आली तर जिभेखालची. पण दोन गोष्टी वाईट, थंडी आणि बिडी. दादानं नीट विचार केला. "बराबर हाय, साहेब. थंडी सोडतो."

वहिनीनं ऐकलं नाही. टोळीतल्या सगळ्यांची बिडीची बंडलं गोळा केली आणि कढईखालच्या जाळात टाकली. थोड्या वेळानं बघितलं तर दादा वारा जिकडं जात होता तिकडं जाऊन बसलेला. "काय करू? धूर आपल्याच बिड्यांचा हाय."

बिडी सुटली तर तंबाखू आली. मग एका पहाटे कळ आली, गोळी घेतली तरी जाईना. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. दादानं गोळी सवयीनं खालच्या ओठात धरली होती आणि रस सुटला तसा पचकन थुंकला होता. वर त्यांनाच म्हणतो, "गोळीत दम न्हाई, साहेब. चुना लावला तर चालंल का?" तंबाखूही बंद झाली. मग चोरून पुन्हा बिडी. वहिनी रोज त्याचे खिसे हुंगायची, दादा रोज नवीन जागा शोधायचा.

यंदा हळदीच्या दिवसांत थंडी परत आली. एका पहाटे दादा उठलाच नाही. उशाला गोळ्यांची बाटली बंद होती, बिडीचं बंडल उघडं. ते मी उचललं आणि कोणाला न दाखवता खिशात ठेवलं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. माणसाचं काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. मी म्हणालो, दादा, लेकरांचं मी बघतो. सोपान म्हणाला, टोळी मोडू देत न्हाई. कावळे हलेनात. ऊन चढलं. मला राहवेना. खिशातलं बंडल काढलं आणि पिंडाशेजारी ठेवलं. पोटभर ओढ म्हणालो आणि रडायला लागलो. सोपाननं काडेपेटीही ठेवली.

तरी कावळा येईना.

मागं बायकांत बसलेली वहिनी उठली. सरळ पिंडापाशी आली आणि बंडल उचललं.

"भाऊजी, तिथं तरी नका देऊ."

तिनं ते ओढ्यात भिरकावलं. ती मागं वळायच्या आत कावळा उतरला.